दाराकडे तोंड

लिफ्टवाल्याची नोकरी गेली त्याला चार महिने झाले. मोठ्या दुकानाने नवी लिफ्ट बसवली, तिला माणूस लागत नव्हता. त्याची बायको हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. तिला त्याच्याही आधी घरी बसवलं होतं. आता दोघं वेळेवर उठायची, वेळेवर आवरायची आणि समोरासमोर बसून राहायची.

अशात एका गोदामाच्या कचेरीतून पत्र आलं. उतरलेल्या मालाची नोंद ठेवायला माणूस हवा होता. मुलाखत उद्या. चार महिन्यांतलं हे पहिलंच बोलावणं.

"तालीम करू," बायको म्हणाली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलामागे साहेब होऊन बसली. "या आत."

तो आला, दोन पावलं टाकली आणि गर्रकन वळून दाराकडे तोंड करून उभा राहिला. पाय जुळवलेले, हात मागे.

"अहो, साहेब इकडे आहेत."

"सवय गं."

बावीस वर्षं तो लिफ्टमध्ये असाच उभा होता. लोक त्याच्या पाठीशी बोलले, पाठीशी भांडले. एक बाई तर पाठीमागे पाच मजले रडली होती. त्याने फक्त मजले सांगितले.

"परत ये. आणि जरा वर बघ रे."

"रे?"

"मी साहेब आहे ना आत्ता."

"जमतंय की तुला."

"पंचवीस वर्षं मनातल्या मनात म्हणतेच आहे."

कुणीच हसलं नाही. सातव्या खेपेला तो वळला नाही. नवव्या खेपेला त्याने थेट तिच्या डोळ्यांत पाहिलं, आणि साहेबांनाच पुढचा प्रश्न आठवेना.

दुसऱ्या दिवशी ती कचेरीबाहेरच्या बाकावर बसली. दाराला काच होती. काचेतून तिला त्याची पाठ दिसत होती, सकाळी तिनेच इस्त्री फिरवलेला कोट दिसत होता. वळू नका, वळू नका, ती ओठांतल्या ओठांत म्हणत राहिली. तो वळला नाही. खांदे आधी ताठ होते, मग बोटभर उतरले, मग तसेच राहिले.

बाहेर येऊन त्याने दार हलकेच लावून घेतलं.

"बघितलंत ना त्यांच्याकडे?"

"सगळा वेळ."

"मग?"

"ते कागदाकडे बघत होते." तिच्या कानाशी वाकून त्याने आवाज खाली आणला. "म्हणाले, छान बोललात. पण जागा कालच रद्द झाली. बोलावणी गेली होती, म्हणून मुलाखती उरकून घेताहेत."

"छान बोललात म्हणाले?"

"दोनदा."

तिने त्याची कॉलर सारखी केली. चुकलं असतं तर घरी जाऊन दुरुस्त करता आलं असतं. टेबल होतं, साहेब होते. काहीच चुकलं नव्हतं.

बाकाच्या टोकाला बसलेला एक जाडसर माणूस उठला. फाइल त्याने पोटाशी घट्ट धरली होती.

"अवघड विचारतात का हो?"

"नाही," लिफ्टवाला म्हणाला.

त्या माणसाने केसांवरून हात फिरवला, घसा खाकरला आणि दार उघडून आत गेला.

"सांगितलं का नाहीत त्याला?" बायकोने विचारलं.

"अगं, पाच मिनिटं तरी मिळू देत बिचाऱ्याला."