घरचे मासे

पिशवीची गाठ सुटेना, तेव्हा बाईंनी ती दातांनी तोडली आणि दुकानातून आणलेले मासे बादलीत ओतले. बादलीत मंडळाने शुद्ध केलेलं सांडपाणी होतं, नदीत जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी बसून त्यांनी स्वतः भरून आणलेलं. रविवार असल्यामुळे प्रयोगशाळेत चिटपाखरू नव्हतं. सांडपाणी मंडळाच्या प्रमुख असूनही बाई बाह्या सरसावून स्टुलावर बसल्या आणि बादलीत बघत राहिल्या.

मासे आधी सैरावैरा फिरले. मग वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. बाईंचा चहा संपायच्या आत पहिला आडवा झाला आणि दुपारपर्यंत सगळा कारभार आटोपला.

इतकी वर्षं नियम कसे साधे होते. पाण्यात घाण किती, वास किती, फेस किती, एवढंच वरचे लोक विचारायचे आणि बाई त्यांना हवे तसे आकडे दाखवायच्या. आता नवाच नियम आला होता. सोडलेल्या पाण्यात मासे चार दिवस जगले पाहिजेत. जगले तर नदीकाठची ‘पाण्यात उतरू नये’ ही पाटी निघणार. मेले तर मंडळ खासगी कंपनीकडे जाणार आणि बाई घरी बसणार. ती पाटी त्यांनीच लावली होती. काठावरच्या वस्तीतली पोरं नदीत डुंबून तापाने फणफणली, त्यातलं एक दगावलं, तेव्हा. पण घरी बसायचं म्हटलं की बाईंच्या अंगावर काटा यायचा. घरात त्यांना ‘बाई’ म्हणणारं कोणी नव्हतं.

मेलेले मासे बघता बघता त्यांना दिराची टाकी आठवली. धाकटा दीर मंडळाच्याच प्रयोगशाळेत होता. पाणी शुद्ध होऊन जिथून नदीत जायचं, त्या शेवटच्या टाकीत त्याने हौसेने मासे पाळले होते. त्यांचे आजे-पणजेसुद्धा याच पाण्यात जन्मले, याच पाण्यात मेले. जे कमजोर होते ते केव्हाच संपले आणि उरलेल्यांना विष अंगवळणी पडलं होतं. आणि मासे कुठून आणायचे, याबद्दल नव्या नियमात अवाक्षर नव्हतं.

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मेलेले मासे कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकले, बादली विसळली आणि हात दोनदा साबणाने धुतले.

दुसऱ्या दिवशी दीर त्यांच्या केबिनमध्ये आला.

“वहिनी… म्हणजे, मॅडम, चाचणीचे मासे मागवायला हवेत. दोन-तीन ठिकाणी विचारून ठेवलंय.”

“बाहेरचे कशाला? रोगट निघाले म्हणजे आपल्या माथी. तुमचे आहेत की.”

“माझे? ते चालतील?”

“न चालायला काय झालं? एवढी वर्षं टुणटुणीत आहेत, ते कशामुळे? पाणी चांगलं आहे म्हणूनच ना, भाऊजी?”

त्याला आणखी काहीतरी विचारायचं होतं, तोंड उघडलंही होतं. पण वहिनीने त्याच्या कुठल्या गोष्टीला चांगलं म्हणावं, असा प्रसंग आजवर आला नव्हता. तो खुळ्यासारखा हसला आणि जाळी आणायला गेला. माणसाला गप्प करायला रागवावंच लागतं असं नाही, हे बाईंना नोकरीने शिकवलं होतं.

चाचणी झाली. मासे नुसते जगले नाहीत, तर खाण्यासाठी काचेवर टकटक करायला लागले. एक तर चांगला गुबगुबीत झाला.

“वा! कुठले हो हे?” तपासायला आलेल्या अधिकाऱ्याने विचारलं.

“घरचेच!” दीर अभिमानाने म्हणाला.

अधिकारी हसला आणि त्याने सही ठोकली.

पाटी काढायचा समारंभच झाला. अधिकारी, मंडळाची माणसं, वर्तमानपत्राचा फोटोग्राफर, सगळे काठावर जमले. दीर बायकोला आणि मुलीला घेऊन आला होता. चिमीच्या खिडकीतून नदी दिसायची आणि तिने पाण्यात जायचा हट्ट धरला नाही असा सुट्टीचा दिवस गेला नव्हता. एरवी ऊठसूट तिचे लाड करणारा बाप या एका बाबतीत मात्र जाम ऐकत नसे.

पाटी उपटल्याबरोबर चिमीने चपला भिरकावल्या. दिराने तिचा दंड धरून ठेवला.

“वहिनी, सोडू का हिला?”

अधिकारी शेजारीच उभा होता.

“नियमाप्रमाणे आता काही हरकत नाही,” बाई म्हणाल्या.

“नियमाचं राहू द्या हो. तुम्ही सांगा. तुम्ही हो म्हणालात तरच सोडतो.”

बाईंनी चिमीकडे पाहिलं. ही पोर त्यांच्याच मांडीवर वाढली होती. ‘नको’ एवढा एकच शब्द पुरला असता. नुसती मान हलवली असती तरी त्याने ऐकलं असतं. अधिकाऱ्याने सहज त्यांच्याकडे पाहिलं.

“सोडा की,” बाई म्हणाल्या. “पाटी काय उगाच काढली?”

चिमी धावत सुटली. गुडघाभर, मग कमरेएवढ्या पाण्यात गेली, नाक दाबून तिने डुबकी मारली आणि ओल्या झिपऱ्यांनी वर आली.

“काकू! काकू, तू पण ये ना!”

“या ना, बाई,” फोटोग्राफर म्हणाला. “नुसते पाय बुडवा. झकास फोटो येईल.”

सगळे वळून बघायला लागले. बाई दोन पावलं पुढे झाल्या. त्यांनी एक चप्पल काढली. पाणी त्यांच्या बोटांपर्यंत येऊन मागे गेलं.

“मला जरा सर्दी आहे,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी चप्पल परत पायात घातली.

“वहिनींना गार पाणी सोसत नाही,” दीर घाईघाईने फोटोग्राफरला म्हणाला. वहिनीची अडचण व्हायला नको म्हणून त्याने पँट वर दुमडली आणि तोच पाण्यात शिरला. चिमीने गालभर पाणी घेऊन बापाच्या तोंडावर चूळ उडवली. लोक हसले.

“मंडळाचं नाव येऊ द्या हं मागे,” बाईंनी फोटोग्राफरला सांगितलं.