आनंदीबाईंचा खालचा आवाज

मित्रांनो, दोन दांड्यांचा आणि एका पायाचा मी एक जुना नादकाटा आहे. माझी भावंडे तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिली असतील. मला एकच स्वर येतो, पण तो पक्का.

माझे पहिले मालक विल्फ्रेडसाहेब इंग्लंडमधल्या कापडगिरणीत विणकर होते आणि गाणी रचत. त्यांच्या गाण्यात चार आवाज एकाच वेळी चार वेगळ्या चाली गात आणि मिळून एक गाणे होई. गिरणीच्या खडखडाटात मी ऐकू येत नसे. मग साहेब मला गुडघ्यावर मारून माझा पाय कानामागच्या हाडावर टेकवत. स्वर थेट डोक्यात! त्या चारांतला सर्वांत खालचा, खर्जाचा आवाज त्यांची आई गाई. तिच्यासाठी एका गाण्याच्या शेवटी त्यांनी बाकी तिघांना गप्प केले. माझा स्वर तिने एकटीने धरायचा.

साहेबांच्या शिष्येबरोबर मी पुण्यात आलो. ती वारल्यावर बुधवार पेठेत तात्यारावांच्या जुन्या सामानाच्या दुकानात पडलो. ते माझ्या दांड्यांनी पाठ खाजवत! एकदा गायकमंडळ चालवणाऱ्या श्रीनिवासरावांनी मला वाजवून पाहिले, तर तात्याराव म्हणाले, "घ्यायचा तर घ्या. दुकान आहे, मैफल नाही."

त्यांनी मला घेतले. माझ्या डबीत साहेबांनी आईसाठी रचलेल्या त्याच गाण्याचा कागद होता. श्रीनिवासरावांनी ते गाणे आपल्या मंडळात बसवायला घेतले. खालचा आवाज आनंदीबाईंचा. त्यांचा जन्म भजनात गेलेला, तिथे सगळ्यांची चाल एकच. त्यामुळे वरची चाल कानी पडली की बाई तिकडे घसरत.

"आनंदीबाई, आपण वरच्या मजल्यावर पाहुण्या म्हणून जाता आणि मुक्कामच ठोकता!" श्रीनिवासराव म्हणाले.

"अहो, सगळे वर असताना मी खाली एकटीने काय करू?"

"उद्याच्या तालमीत घसरलात, तर रविवारी वाघोलीच्या कार्यक्रमात आपली खुर्ची श्रोत्यांत."

बाई हिरमुसून मला घरी घेऊन गेल्या. त्या मला वाजवू लागल्या, तोच नात अवनीने चटणीसाठी मिक्सर लावला.

"अगं, थांब ना!"

"आजी, दोनच मिनिटं!"

वैतागून बाईंनी माझा पाय कानामागे दाबला आणि त्या एकदम हसल्या. मला तर गिरणीच आठवली! मिक्सर घरघरत राहिला, बाई माझा स्वर धरून गात राहिल्या.

दुसऱ्या दिवशी तालमीत गाणे शेवटाला आले. तिघे थांबले. आनंदीबाई एकट्या उरल्या. स्वर ताडून पाहायला श्रीनिवासरावांनी मला गुडघ्यावर मारले. बाईंचा स्वर कुठला आणि माझा कुठला, कुणाला सांगता येईना.

"खुर्ची रद्द," श्रीनिवासराव म्हणाले.

"खाली करमलं हो मला," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, मला दगडावर आपटू नका, ओल्या हाताने डबीत टाकू नका. शेजारी कुणी खालच्या आवाजात गात असेल, तर त्याला वर ओढू नका. आणि पाठ खाजवायला कृपा करून दुसरे काहीतरी शोधा.