सरसेनापतींचा पूल

सरसेनापती जन्मात कधी सैन्यात नव्हते. पाणीपुरवठा खात्यात लोकांच्या नळांच्या तक्रारी ऐकता ऐकता ते निवृत्त झाले. ही पदवी त्यांना बायकोने, म्हणजे काकूंनी, बहाल केलेली, तीही टोमणा म्हणून. कारण दीडशे वर्षांपूर्वीच्या लढाईत त्यांच्या पणजोबांना नदीपलीकडून कुमक आणायला पाठवलं होतं आणि ते ढुंगणाला पाय लावून पळाले ते थेट घरी! "पूलच नव्हता," असं ते मरेपर्यंत सांगत राहिले. पण कोणी विश्वास ठेवील तर शपथ. आता सरसेनापती जिन्यातल्या कुत्र्याला बघून थबकले तरी काकू म्हणायच्या, "घराण्याचा वारसा!"

त्याच लढाईचा लष्करी नकाशा संग्रहालयाच्या माळ्यावर सापडला आणि दुरुस्तीवाल्या बाईंच्या टेबलावर आला. घोड्यावरून नेताना नीट घडी पडावी म्हणून असे नकाशे चौकोनी तुकडे करून कापडावर चिकटवत. कापड कुजलं होतं. बाईंनी तुकडे सोडवले, धुतले, वाळवले आणि नव्या कापडावर लावले.

सरसेनापती बघायला आले आणि उडालेच. छावणीजवळ पूल नव्हता! होता तो पार दुसऱ्या टोकाला.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला, बाई!" ते ओरडले. "खरं बोलत होते हो पणजोबा!"

छाती फुगवून ते घरी गेले. काकूंनी टोमण्याऐवजी चहा पुढे केला. रविवारी नकाशा संग्रहालयाच्या भिंतीवर लागणार होता, त्यासाठी सरसेनापतींनी भाषण लिहिलं आणि कोट इस्त्रीला टाकला.

शनिवारी काच बसवायच्या आधी बाईंनी शेवटची नजर फिरवली आणि त्यांचं धाबं दणाणलं. एक टेकडी अर्धी इथे होती, अर्धी हातभर लांब. कापड पाठीवर चिकटवायचं म्हणून तुकडे पालथे मांडतात. तेव्हा डावा तुकडा उजवीकडे ठेवायचा असतो. मधल्या रांगेच्या वेळी बहिणीचा फोन आला, आणि गप्पांच्या नादात बाईंनी नदीच्या दोन तुकड्यांतला डावा डावीकडे आणि उजवा उजवीकडेच ठेवून दिला. खरा पूल छावणीच्या अगदी नाकासमोर होता.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं एकदा मनात आलं. त्या म्हाताऱ्याचा आनंद हिरावून घेणं त्यांच्या जिवावर आलं होतं. पण खोटा नकाशा आपल्या हाताने भिंतीवर? ते काही त्यांना जमेना. त्यांनी तुकडे सोडवून जागच्या जागी लावले आणि फोन केला.

सरसेनापती कोट घालूनच आले, मागोमाग काकू.

"काका, चूक माझी झाली," बाईंनी सगळं सांगून टाकलं.

सरसेनापतींनी छावणीवर बोट ठेवलं, मग पुलावर. बोट जेमतेम हललं.

"म्हणजे पळालेच," ते मटकन खुर्चीत बसले. "अहो पणजोबा, थाप तरी जरा बरी मारायची!"

बाई रडायच्या बेतात होत्या. त्यात काकू चष्मा लावून नकाशावर वाकल्या. आता काही खरं नाही, बाईंना वाटलं.

"या छावणीतलं कोण कोण परत आलं हो?" काकूंनी विचारलं.

"कोणीच नाही, काकू. सगळे कापले गेले."

काकूंनी त्या छावणीवरून हलकेच बोट फिरवलं. मग त्यांनी नवऱ्याची दुमडलेली कॉलर सरळ केली.

"बरं झालं पळाले," त्या म्हणाल्या. "नाहीतर पन्नास वर्षं मी टोमणे कोणाला मारले असते? उठा आता. भाषण बदलायला हवं."