बाबांच्या छातीतला धागा

बाबांची उभी हयात नायलॉनच्या कारखान्यात गेली. धाग्याचा बारीक भुगा करणाऱ्या मशिनवर ते असत. दम कोंडतो म्हणून तोंडाला रुमाल बांधत नसत. निवृत्त झाले आणि खोकला लागला. डॉक्टर म्हणाले, छातीत धाग्याची धूळ बसलीय, ती आता निघायची नाही.

त्यांची मुलगी प्रयोगशाळेत जिवाणूंवर काम करायची. त्याच कारखान्याच्या सांडपाण्याच्या तळ्यातून तिने गाळ आणला होता. त्यात नायलॉनच्या कचऱ्यावर जगणारे जिवाणू सापडले. घरी ती काही बोलली नव्हती. शेजाऱ्यानेच बाबांच्या कानावर घातलं.

ती भेटायला आली तेव्हा बाबा नाकाला ऑक्सिजनची नळी लावून उशांना टेकले होते.

"अगं, नायलॉन खाणारं काहीतरी सापडलं म्हणे तुला. आणि बापाला पत्ता नाही."

"सांगणारच होते."

"त्यांना शिकवलं कुणी?"

"कुणीच नाही, बाबा. तळ्यात दुसरं खायला नव्हतं. बहुतेक उपाशी मेले. एखाद्यात आपसूक काहीतरी बारीकसा बदल झाला, त्याला तो कचरा जरासा पचला. तो जगला, त्याची प्रजा वाढली. त्यातही ज्यांना जास्त पचलं, ते टिकले."

बाबांनी दम घेतला. "मग थोडे माझ्या छातीत सोड की. आयतं ताट वाढून ठेवलंय."

हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. उबळ थांबल्यावरही ते लेकीकडे बघतच राहिले. भाजी चिरणारी आईही थांबली. तेव्हा लेकीला कळलं, हे गमतीत विचारलेलं नाही.

खोटं अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही होणार, बाबा. ते पाण्यातला विरघळलेला कचरा खातात. अख्खा धागा त्यांना अजून तुटत नाही. आणि छातीत सोडले तर तुम्हीच आजारी पडाल."

"अजून म्हणजे? कधी तुटेल?"

"किती पिढ्या जातील, सांगता येत नाही."

"त्यांच्या पिढ्या झटपट होतात ना?"

"होतात. तरीसुद्धा."

बाबांनी मान हलवली. "स्पष्ट बोललीस ते बरं केलंस. डॉक्टर नुसतं बघू बघू म्हणतात."

उन्हाळा संपायच्या आत ते गेले.

कामावर परतल्यावर तिने जिवाणूंना खायला नुसता धागाच द्यायला सुरुवात केली. बहुतेक मरत. उरलेल्यांना ती नव्या बाटलीत घाली. असं वर्षानुवर्षं चाललं. मग एका दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली धाग्याची कड कुरतडलेली दिसली. सोबतच्या मैत्रिणीने तिला मिठी मारली, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. ती उठून जिन्यात जाऊन बसली.

हे आधी झालं असतं तरी बाबांना काडीचा उपयोग नव्हता, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी त्या जिवाणूंचा तिला राग आला. उपाशी मरत मरत का होईना, त्यांना वेळ मिळाला होता.

तिने आईला फोन लावला. "आई, धागा तुटला."

पलीकडे आईने गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "घरी ये."

ती पर्स न घेताच निघाली.