वाहत गेलेल्या दोघी

नवरा गेल्यापासून वहिनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेना. धाकटी नणंद, घरातली बेबी, स्कूबा डायव्हिंग शिकवणारी आणि हट्टाची पक्की. तिनं वहिनीला आधी तलावात तयार केलं आणि एका सकाळी बोटीत घालून समुद्रात उतरवलंच.

खाली वहिनीला कित्येक महिन्यांनी बरं वाटलं. कान दडपले की नाक चिमटून फुंकायचं, की मोकळे. श्वास घेतला की अंग अलगद वर, सोडला की खाली. आपल्या श्वासाची एवढी किंमत तिला कधी कळली नव्हती. बुडबुड्यांशिवाय आवाज नव्हता. ‘आता तुझं कसं गं होणार’ असं विचारणारं तिथं कुणी नव्हतं.

पण पाण्याची ओढ वाढली होती. दोघी वर आल्या तेव्हा बोट कुठंच नव्हती.

“बोटवाले येतील शोधत,” बेबी म्हणाली. “कमरेचं शिशाचं वजन सोडून दे. जॅकेट फुगव. आणि माझा हात सोडू नकोस.”

बेबीनं शिट्टी फुंकफुंक फुंकली. किनाऱ्याची बारीक रेघ दिसत होती. तिच्या दिशेनं हातपाय मारून दोघी दमल्या, तरी रेघ पुसटच होत गेली. ऊन डोक्यावर आलं. लाट तोंडावर आदळायची, मीठ घशात जायचं. ओठ फुटले. पोटऱ्यांत गोळे आले. दुपार कलल्यावर बेबी ओकली, आणि मग तिला रडू आवरेना.

“आईला काय तोंड दाखवू? आधी दादा गेला, आता तुला मी इथं आणून...”

वहिनी म्हणाली, “सिलिंडरमध्ये हवा उरलीय का गं?”

“थोडी आहे.”

“मग खाली जाऊ या. खाली लाटा नाहीत.”

“आणि हवा संपली की?”

वहिनीचा हात जॅकेटमधली हवा सोडायच्या बटणावर होता. बेबीच्या ते लक्षात आलं. तिनं तो हात ओढून काढला आणि वहिनीच्या गळ्यातच पडली.

“नको गं. मला एकटीला टाकून जाऊ नकोस. मला फार भीती वाटतेय, वहिनी.”

वहिनी थरारली. दादाला खांदा देतानाही ही पोर डगमगली नव्हती. वर्षभर लोक वहिनीला सावरत होते, समजावत होते. कुणाला ती हवी होती म्हणून कुणी तिला धरलं नव्हतं. खालची शांतता अजूनही तिला बोलावत होती. तिनं दात आवळले आणि बेबीची हनुवटी पाण्याच्या वर धरली.

“नाही जात,” ती म्हणाली. “रडू नकोस, घसा सुकेल.”

दिवस मावळता मावळता जाळं ओढून परतणाऱ्या एका होडीला दोघी दिसल्या. कोळ्यांनी त्यांना होडीच्या काठावरून आत ओढून घेतलं. बेबीला शुद्ध नव्हती, पण श्वास चालू होता. वहिनीची बोटं बेबीच्या जॅकेटच्या पट्ट्यात अशी आवळून बसली होती की होडी हाकणाऱ्या म्हाताऱ्या तांडेलाला ती एकेक करून सोडवावी लागली.

“सोड पोरी, आता सोड,” तो म्हणत होता.

“तिला आधी पाणी द्या,” वहिनी म्हणाली.