पितळी मूठ

मिनियापोलिसची शेवटची ट्राम भंगारवाड्यात नेऊन जाळायची होती, आणि ते काम साहेबांनी नेमकं हाल्वरच्याच गळ्यात मारलं. उभा जन्म त्याने तीच ट्राम चालवली होती. मागे नव्याकोऱ्या बसगाड्यांची मिरवणूक होती आणि पहिल्या बसमध्ये खुद्द साहेब.

"हाक की लवकर, म्हाताऱ्या! तुझ्या खटाऱ्यापायी सगळं खोळंबलंय!"

हाल्वरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऐन चौकात त्याने ट्राम थांबवली. गाडी सोडताना चालकाने पितळी मूठ काढून घ्यायची, हा ट्रामवाल्यांचा रिवाज. मुठीवाचून गाडी तसूभर हलत नाही. मूठ खिशात टाकून तो खाली उतरला.

"अरे, निघालास कुठे?"

"घरी. जाळायचीय ना? मग इथंच जाळा, सगळ्या गावादेखत!"