दगडातली चटई

भिंतीचा दर्शनी भाग घासत होतो. सहाव्या आणि सातव्या थरामधल्या सांध्यातून लव्हाळ्याची एक काडी डोकावत होती. नखाने ओढली, तर मागून आणखी दोन आल्या.

विटेच्या भिंतीत आम्ही दर सहा थरांनी लव्हाळ्याची चटई अंथरतो. त्यातून ओल निघून जाते, भिंत तडकत नाही. बापाने शिकवलेलं, चाळीस वर्षं हातात मुरलेलं. राजाचं थडगं या खेपेला पहिल्यांदाच दगडाचं होत होतं. पण दगड विटेच्याच मापाचे कापले होते आणि लावणारे आम्हीच, विटांचे गवंडी. सहा थर झाले आणि हातांनी आपसूक चटई अंथरली. त्यावर आणखी पाच थर चढले होते.

माझा मेहुणा खुई शेजारीच चिखलाचा गारा कालवत होता. त्याला काडी दाखवली.

"आत ढकला दाजी, आणि वरून लिंपून टाका."

"चटई कुजली की वरची भिंत बसेल."

"ती कुजेपर्यंत आपण कधीच कुजलेले असू."

"थडगं उभं राहावं म्हणूनच दगड लावतोय ना?"

"राजाचं. आपल्याला वाळूतला खड्डा आहे." त्याने आवाज खाली आणला. "मुकादमाला सांगाल, तर नदीपलीकडच्या खाणीत जाल. थोरल्याचं काय झालं, विसरलात?"

विसरलो नव्हतो. चुकणाऱ्याला खाणीत धाडत. तिथल्या पांढऱ्या धुळीने माझा थोरला भाऊ नदीचे दोन पूर, दोन वर्षं खोकला आणि गेला. माझ्या वयाला एक पूरही निघाला नसता.

दुपारपर्यंत काम रेटलं. प्रत्येक दगड ठेवताना खालची चटई आठवत होती. शेवटी मुकादम हेमाकाकडे गेलो. तो सावलीत बसून कांदा-भाकरी खात होता. तोही मूळचा विटांचाच गवंडी.

"मुकादम, माझ्या भिंतीत चटई राहिलीय. सहाव्या थरावर."

तो चावत राहिला. "गाढवा, दगडाला ओल सुटते का?"

"नाही."

"उतरव भिंत. खाणीचं उद्या बघतो."

तो भिंत बघायला आला, तसाच पुढे शेजारच्या टोळीच्या भिंतीकडे गेला. वाकून सहाव्या थराचा सांधा नखाने खरवडला. काडी निघाली. तिसऱ्या भिंतीतही निघाली, चौथीतही. पाचवीपाशी तो वाकलाच नाही, दगडावर बसला.

"कुणीच बोललं नाही?"

"त्यांना कळलं नसेल."

"तुला पटतं हे?"

त्याने गुडघे चोळले.

"सगळ्यांना खाणीत धाडलं, तर इथे दगड कोण लावेल? मी? पाचही भिंती उतरवा. चटया माझ्यासमोर जाळा."

दुसऱ्या दिवशी पाच टोळ्या आपापल्या भिंती उतरवू लागल्या. पाण्याच्या माठापाशी गेलो, तर माणसं बाजूला सरली. "आला चटईवाला," कुणीतरी म्हणालं. संध्याकाळी खुई तेवढा माझ्याजवळ बसला.

"कंबर मोडली माझी तुमच्यामुळे," म्हणत त्याने अर्धा कांदा माझ्याकडे सरकवला.

चार दिवसांनी सहावा थर पुन्हा पुरा झाला. माझा डावा हात चटईसाठी बाजूला चाचपडला. खुईने न बघता त्यात दगड ठेवला.